अकरावीच्या जीवशास्त्रासाठी घरी येऊन शिकवणारे शिक्षक कसे निवडावेत?

सांगलीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली आणि विज्ञानात तिला चांगले गुण होते. अकरावी विज्ञान शाखेत गेल्यावर जीवशास्त्राच्या पहिल्या घटक चाचणीत तिला 25 पैकी 9 गुण मिळाले. ती रात्री उशिरापर्यंत वाचत बसते, पण काही लक्षात राहत नाही म्हणते. घरी येऊन फक्त जीवशास्त्र शिकवणारे चांगले शिक्षक कसे शोधावेत, त्यांना फी किती द्यावी, की सरळ नीटच्या क्लासला घालावे?

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मोजक्या विद्यार्थ्यांना त्यांच्या घरी जाऊन शिकवते. तुमच्या मुलीसारखी मुले माझ्याकडे दर जुलै-ऑगस्टमध्ये येतात. त्यांच्या आईवडिलांना मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगते : शिक्षक शोधायला बाहेर पडण्यापूर्वी मुलीचे नेमके कुठे अडते आहे ते शोधून काढा, कारण कोणते शिक्षक हवेत, किती महिने हवेत आणि मुळात हवेत का, हे त्यावरच ठरते. ‘जीवशास्त्र कच्चे आहे’ एवढ्या वाक्यावर शिकवणी लावली, तर शिक्षक पहिल्या धड्यापासून पुस्तक वाचून दाखवायला लागतात आणि दिवाळीपर्यंत मुलगी होती तिथेच राहते.

राज्य मंडळाच्या दहावीत जीवशास्त्र हा स्वतंत्र विषय नसतो. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात तो येतो, आणि त्या 40 गुणांच्या पेपरात पर्यावरण, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन असेही धडे असतात. अकरावीत एकदम सोळा धड्यांचे जाड पुस्तक हाती पडते. वर्गातले शिकवणे, पुस्तक आणि उत्तरपत्रिका सगळे इंग्रजीत असते, आणि बहुतेक ठिकाणी वनस्पतींचे धडे एक शिक्षक तर प्राण्यांचे धडे दुसरे शिक्षक शिकवतात. जी मुलगी काल ‘पर्णरंध्र’ म्हणत होती तिला आज ‘स्टोमॅटा’ म्हणायचे असते, आणि हे दोन्ही एकच आहे हे तिला कोणी थांबून सांगितलेले नसते. त्यामुळे पहिल्या चाचणीतले 9 गुण पाहून ती विषयात कच्ची आहे असे मी लगेच म्हणणार नाही.

यासाठी दोन गोष्टी तुम्ही घरीच करू शकता, आणि त्यांसाठी तुम्हाला जीवशास्त्र येण्याची गरज नाही. पहिली म्हणजे चाचणीची उत्तरपत्रिका मुलीसोबत बसून पाहा, आणि रागावण्यासाठी नव्हे तर मोजण्यासाठी पाहा. गेलेल्या 16 गुणांपैकी किती प्रश्न तिने सोडूनच दिले, किती ठिकाणी उत्तर माहीत होते पण इंग्रजीत मांडता आले नाही, किती ठिकाणी प्रश्नच कळला नाही आणि किती गुण आकृतीत गेले, हे तिच्याकडूनच वदवून घ्या. मागे एका मुलाला सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांतील फरक विचारला होता. त्याने दोन्हींवर एकेक सुंदर परिच्छेद लिहिला होता, माहिती सगळी बरोबर होती, पण समोरासमोर मुद्दे मांडून फरक दाखवला नव्हता, म्हणून 3 पैकी 1 गुण मिळाला. त्या मुलाला विभाजन पुन्हा शिकवून काहीच साधले नसते. प्रश्नातल्या ‘डिफरन्शिएट’ या शब्दाने काय मागितले आहे, एवढेच त्याला कळायला हवे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला स्वयंपाकघरात उभी करून विचारा की काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर पाणी का सुटते, आणि उत्तर मराठीतच द्यायला सांगा. परासरण, म्हणजे इंग्रजीतले ऑस्मॉसिस, तिने आठवीत शिकलेले आहे. बाहेर मिठाचे प्रमाण जास्त झाले, म्हणून काकडीच्या पेशींतले पाणी पटलातून बाहेर आले, असे ती तिच्या शब्दांत सांगू शकली, तर तिची समज शाबूत आहे आणि अडचण भाषेची आहे. ती गप्प राहिली, पण तिला ऑस्मॉसिसची इंग्रजी व्याख्या मात्र घडाघडा म्हणता आली, तर अडचण वेगळी आणि अधिक खोल आहे, कारण तिने पाठांतरालाच अभ्यास मानले आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे अगदी असेच होते. व्याख्येत स्वल्पविरामही चुकत नव्हता, पण कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पातेल्यात साठलेले पाणी आणि ती व्याख्या यांचा काही संबंध आहे, हे तिच्या मनातही आले नव्हते. आम्ही एक सोललेला बटाटा घेतला, त्यात खळगा करून साखरेचे दाट पाणी भरले, बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवला आणि खळग्यातल्या पाण्याच्या पातळीपाशी टाचणी टोचली. तासाभराने पातळी टाचणीच्या वर चढली होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदा मला प्रश्न विचारला, की साखर बशीत आणि साधे पाणी खळग्यात ठेवले असते तर काय झाले असते. हा प्रश्न ज्याला सुचतो त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता अडचण भाषेची आहे असे निघाले, आणि मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा तसेच निघते, तर तुम्हाला दोन्ही भाषांत सहज वावरणारे शिक्षक हवेत. काही पालकांना वाटते की पहिल्या दिवसापासून सगळे इंग्रजीतच शिकवणारे शिक्षक चांगले, म्हणजे सवय होईल. माझा अनुभव उलटा आहे. मराठी संज्ञा हे या मुलांचे भांडवल आहे, कारण त्या संज्ञा स्वतःच अर्थ सांगतात. पर्णरंध्र म्हणजे पानाचे छिद्र, हरितलवक म्हणजे हिरवा लवक, प्रकाशसंश्लेषण म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने केलेली जुळणी. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘स्टोमा’ हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ तोंड असा आहे हे वेगळे सांगावे लागते. चांगले शिक्षक या मराठी शब्दावरच इंग्रजी शब्द बसवतात : ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण, ‘लायसिस’ म्हणजे विघटन, ‘सायटो’ म्हणजे पेशीविषयक. अशी चाळीस-पन्नास पदे हातात आली की अकरावीच्या पुस्तकातले निम्मे अवघड शब्द आपोआप सुटतात. मी वहीत तीन रकाने करायला लावते : एकात मराठी संज्ञा, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात त्या शब्दाचा वापर करून तिने स्वतः लिहिलेले एक इंग्रजी वाक्य. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण परीक्षेत वाक्ये लिहायची असतात. रोज दहा शब्द याप्रमाणे नेटाने केले, तर दोन ते तीन महिन्यांत फरक दिसतो. अशा मुलीला दोन वर्षे शिकवणीची गरज नसते, आणि हे सुरुवातीलाच शिक्षकांना सांगून ठेवावे.

शिक्षक कोण असावेत, याचे उत्तर तुमच्या गावात कोण उपलब्ध आहेत यावर अवलंबून आहे, तरी काही गोष्टी सांगता येतील. घरी जीवशास्त्र शिकवणारे बहुतेक जण वनस्पतिशास्त्राचे, प्राणिशास्त्राचे किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर असतात. पदवीनंतर आपली शाखा सोडून दुसरीकडे वळून पाहण्याची वेळ सगळ्यांवर येत नाही, म्हणून अर्धे पुस्तक त्यांचे हातखंडा आणि अर्धे जेमतेम, असे होऊ शकते. मी स्वतः वनस्पतिशास्त्राची आहे, आणि अकरावीतला झुरळाचा धडा शिकवण्यापूर्वी मी आजही आदल्या रात्री पुन्हा वाचून, आकृत्या काढून जाते. तेव्हा पदवी कोणत्या विषयातली हे जरूर विचारा, आणि दुसऱ्या बाजूचे धडे तुम्ही कसे शिकवता हेही विचारा. जे या प्रश्नाचे सरळ उत्तर देतील त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

वैद्यकीय शाखेत शिकणारी विद्यार्थिनी शिकवायला मिळाली की पालकांना फार आनंद होतो. मुलीला तिच्याकडून उमेद मिळते आणि मानवी शरीराचे धडे उत्तम होतात, पण वनस्पतींच्या धड्यांशी तिचा संबंध सुटलेला असतो आणि तिच्या स्वतःच्या परीक्षा आल्या की शिकवणी महिनाभर बंद पडते. एम.एस्सी. करणारी विद्यार्थिनी हा अनेकदा चांगला पर्याय ठरतो, विशेषतः ती स्वतः मराठी माध्यमातून आलेली असेल तर, कारण तुमच्या मुलीचे आज जे अडते आहे ते तिचे पाच-सहा वर्षांपूर्वी अडले होते. निवृत्त शिक्षकांकडे अनुभव असतो, मात्र 2019 मध्ये अकरावीची आणि 2020 मध्ये बारावीची पुस्तके बदलली आहेत, त्यामुळे ते जुन्या नोट्सवर शिकवतात की मुलीच्या हातात आज असलेले पुस्तक उघडून शिकवतात, ते पाहावे.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून टाळायला सांगेन. मुलगी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे, तिथलेच शिक्षक शिकवणीला लावू नका. बारावीत जीवशास्त्राची लेखी परीक्षा 70 गुणांची आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचे असते. जे शिक्षक वर्षभर तिचे प्रात्यक्षिक घेणार, त्यांनाच घरी फी द्यायची, यात मुलीची कुचंबणा होते. शिवाय शालेय शिक्षकांच्या खासगी शिकवण्यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने मनाई केलेली आहे, आणि कायद्याची व्याप्ती कुठवर हा वाद बाजूला ठेवला तरी त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

शोधायचे कुठे, तर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नुकतीच बारावी झालेल्या मुलांचे पालक. त्यांना ‘शिक्षक चांगले आहेत का’ असे विचारू नका, कारण सगळे हो म्हणतात. ‘वर्षभरात किती दिवस आले नाहीत’, ‘लेखी उत्तरे तपासून देत होते का’ आणि ‘शिकवणी कोणत्या कारणाने थांबली’ असे विचारा. महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा सहायकांनाही पुष्कळ माहिती असते, कारण कोणते शिक्षक स्वतः हाताने स्लाइड करून दाखवतात आणि कोण जर्नलवर फक्त सही करतात, हे ते रोज पाहत असतात. अॅप आणि संकेतस्थळांवर नावे पुष्कळ मिळतात, पण तिथले तारांकन पाहून निर्णय घेऊ नये, माणूस प्रत्यक्ष भेटल्याशिवाय काहीच ठरवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, पहिला तास. कोणतेही शिक्षक निश्चित करण्यापूर्वी एक तास शिकवण्याची विनंती करा, त्या तासाचे मानधन द्या आणि तुम्ही त्याच खोलीत बाजूला बसा. विषय तुम्ही सुचवा. पावसाळ्यात दारात जास्वंद फुललेली असतेच, तेव्हा फुलाची रचना शिकवा म्हणावे. पुस्तक उघडून व्याख्या सांगत गेले, मुलगी लिहून घेत गेली आणि फूल टेबलावर तसेच पडून राहिले, तर त्यांना नम्रपणे नकार द्यावा. चांगले शिक्षक फूल मुलीच्या हातात देतील. निदले आणि त्यांच्याखालचे हिरव्या लहान पानांसारखे दुसरे वलय तिला मोजायला लावतील, पाकळ्या एकेक सोडवायला लावतील, पुंकेसरांचे तंतू जुळून झालेली नळी उभी चिरून तिच्यातून वर गेलेला कुक्षीवृंत तिलाच शोधायला सांगतील, आणि टोकाला पाच कुक्षी दिसल्या तर खाली अंडाशयात किती कप्पे असतील असा अंदाज आधी विचारून मग ब्लेडने आडवा छेद घेऊन दाखवतील. पाच कप्पे दिसल्यावर मुलीच्या चेहऱ्याकडे पाहा. त्यानंतर आकृती तिने काढायची, नावे तिने द्यायची, चुकलेले नाव शिक्षकांनी दाखवायचे. तासाभरात मुलगी किती वेळ बोलली आणि तिच्या हातात पेन्सिल किती वेळ होती, हे घड्याळ लावून मोजलेत तरी चालेल. निम्म्याहून कमी असेल तर ते व्याख्यान झाले, आणि व्याख्यान तिला महाविद्यालयात रोज मिळतेच.

त्याच तासात आणखी एक गोष्ट लक्षात येते. मुलगी मध्येच एखादा असा प्रश्न विचारेल, ज्याचे उत्तर शिक्षकांना तिथल्या तिथे देता येणार नाही. ‘पुढच्या वेळी पाहून सांगतो’ असे म्हणणारे शिक्षक घ्यावेत. ‘हे परीक्षेला येत नाही’ असे म्हणणाऱ्यांकडे मी माझ्या नात्यातले मूल पाठवणार नाही.

नीटबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून लिहिते. नीटमध्ये 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण या एका विषयाचे असतात. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तरामागे 1 गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, हे अनेक पालकांना माहीत नसते. त्या प्रश्नांची तयारी राज्य मंडळाच्या नव्हे, तर एनसीईआरटीच्या म्हणजे केंद्रीय संस्थेच्या पुस्तकांवरून होते. राज्याच्या सीईटीत जीवशास्त्राला 100 गुण असून तिथे गुण वजा होत नाहीत आणि साधारण पाचवा हिस्सा अकरावीवर असतो. म्हणजे तुमच्या मुलीला वैद्यकीय शाखेकडे जायचे असेल, तर शिक्षकांनी एनसीईआरटीची पुस्तके ओळीन् ओळ वाचलेली असायला हवीत, आणि बारावी चांगली करून कृषी, औषधनिर्माण किंवा बी.एस्सी.कडे जायचे असेल तर तसे ओझे घेण्याची गरज नाही. हे मुलीशी बोलून ठरवा. मात्र आज तिची जी अवस्था आहे, त्यात तिला शंभर मुलांच्या क्लासमध्ये बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे शिकवण्याची गती समज आणि भाषा दोन्ही पक्क्या असलेल्या मुलांची असते, आणि जिला प्रश्नातले क्रियापद अडते ती तिथे हात वर करत नाही. आधी दोन-तीन महिने घरी पाया नीट होऊ द्या, क्लासचा विचार त्यानंतर करता येईल.

फीच्या आकड्याबद्दल मी काही सांगणार नाही, कारण सांगलीत, पुण्यात आणि तालुक्याच्या गावात दर वेगळे आहेत आणि तासाला घेतात की महिन्याला यावरही फरक पडतो. दोन-तीन ठिकाणी विचारून आठवड्याचे दिवस आणि प्रत्येक वेळचा कालावधी लिहून घ्या, म्हणजे तुलना करता येईल. आठवड्यातून दोन वेळा दीड-दीड तास पुरे होतो, रोज शिकवणी ठेवली तर मुलीला स्वतः बसून लिहायला वेळच उरत नाही. वर्षाची फी एकरकमी भरू नका. महिना संपल्यावर द्यावी आणि रद्द झालेला तास भरून काढायचा की वजा करायचा, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

शिकवणी बाहेरच्या खोलीत, दार उघडे ठेवून आणि घरात मोठे माणूस असतानाच व्हावी. शिक्षक पुरुष असोत की स्त्री, ओळखीचे असोत की नवे, हा नियम सर्वांना सारखा असावा, म्हणजे कोणालाही वाईट वाटत नाही. ओळखपत्राची प्रत घ्या, आधीच्या दोन पालकांशी बोला, आणि तासाच्या वेळेबाहेर मुलीच्या फोनवर निरोपानिरोपी न होता ती तुमच्या फोनवर व्हावी. खरे शिक्षक या गोष्टींना हरकत घेत नाहीत, उलट त्यांनाही त्या बऱ्या वाटतात.

सहा आठवड्यांनी घटक चाचणीची तीच जुनी प्रश्नपत्रिका तिला कोऱ्या कागदावर, वेळ लावून पुन्हा सोडवायला द्या. शिक्षकांनी ती त्यांच्या शेऱ्यांसह तपासून द्यावी, आणि तुम्ही दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात. सोडून दिलेले प्रश्न कमी झाले असतील आणि आकृत्यांना नावे पूर्ण आली असतील, तर गुण थोडेच वाढलेले दिसले तरी शिकवणी चालू ठेवा. पाने भरली आहेत पण चुका त्याच आहेत, असे दिसले तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोला आणि गरज पडल्यास बदला. मुलीची त्यांच्यावर माया बसली असेल, तर हे अवघड जाते, म्हणूनच ते सहाव्या आठवड्यात करावे, मार्चपर्यंत थांबू नये.

या आठवड्यात उत्तरपत्रिका पाहून आणि कोशिंबिरीचा प्रश्न विचारून झाल्यावर गेलेले 16 गुण कुठे कुठे गेले ते मला कळवा. तिने काढलेल्या एखाद्या आकृतीचा फोटोही पाठवलात, तर कोणत्या धड्यापासून सुरुवात करायला शिक्षकांना सांगावे, ते मी लिहीन.